चित्राखालची ओळ

मराठवाडा म्हटला की आपल्या मुंबई-पुण्याकडच्या माणसाला अजिंठा-वेरूळ आठवते, आणि तिथेच त्याचा मराठवाडा संपतो. फार तर देवदर्शनाच्या निमित्ताने तो तुळजापूर, अंबेजोगाई, परळीपर्यंत जाऊन येतो. नांदेडचे नाव त्याच्या कानांवर येते ते शिखांच्या गुरुद्वारामुळे, आणि लातूरचे १९९३ च्या भूकंपामुळे किंवा घरातल्या मुलांच्या डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेमुळे. नुसते फिरायला म्हणून तिकडे कोणी जात नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता आठवडाभर तिकडे जाणार असे ऐकल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलेच, "तिकडे कोण असतं तुमचं?"

तिकडे आमचे कोणीच नव्हते. होते ते एक चित्र, आणि तेही तिकडे नव्हे, लंडनला.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, 'मिंटो आल्बम' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोगल चित्रसंग्रहातले हे एक पान आहे. सुमारे १६२० सालचे. त्यात एक वयस्क गृहस्थ बाजूने दिसतो. अंगात पांढऱ्या तलम कापडाचा जामा, डोक्याला पागोटे, जवळ तलवार. वर्ण काळाभोर, बांधा दणकट. चित्रकाराने त्याला ना गोरा केला, ना देखणा केला. समोर जे होते ते सावकाश पाहिले आणि कागदावर उतरवले. संग्रहालयाच्या नोंदीत दोन नावे आहेत : ज्याचे चित्र तो मलिक अंबर, आणि ज्याने काढले तो हाशिम.

आमच्या शाळेच्या इतिहासात मलिक अंबर दीड ओळीत येऊन जायचा. 'निजामशाहीचा हबशी वजीर, जमीन महसुलाच्या पद्धतीबद्दल प्रसिद्ध' एवढे पाठ केले की दोन गुण मिळत. पण त्या दीड ओळीमागे केवढा प्रवास आहे! हा मुलगा सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राकाठचे मोखा, मग बगदाद, असे बाजार हिंडत तो दख्खनेत येऊन पोचला. 'अंबर' हे नाव आईबापांनी ठेवलेले नव्हे; ते एका धन्याने दिलेले. दख्खनेत त्याला विकत घेतले ते निजामशाहीच्या पेशव्याने, चंगीझखानाने. हा चंगीझखान स्वतः हबशी, आणि एके काळचा गुलामच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, पदरी थोडे घोडेस्वार बाळगून चाकरी करू लागला. १६०० साली अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला अकबराच्या फौजेने घेतला तेव्हा निजामशाही संपली असे सगळ्यांनी धरून चालले होते. अंबरने परांड्याला निजामशाही घराण्यातला एक वारस गादीवर बसवला आणि पुढची सव्वीस वर्षे दिल्लीला दख्खन पचू दिली नाही. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेथे दूरवरून नहरीने पाणी आणले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. १६२६ साली, ऐंशीच्या आसपास वय असताना, तो वारला. कबर खुलताबादला आहे.

आता गंमत पाहा. हे चित्र ज्या दरबारी तयार झाले तो दरबार त्याच्या शत्रूचा, जहांगीर बादशहाचा. जहांगीराला माणसांच्या चेहऱ्यांचा मोठा षोक. इराणच्या शहाची हुबेहूब तसबीर हवी म्हणून त्याने बिशनदास नावाच्या आपल्या चित्रकाराला वकिलातीबरोबर थेट इराणला धाडले होते. हाशिम हा त्याच दरबारचा, पण जाणकारांच्या मते तो मुळात दख्खनेत शिकलेला आणि नंतर उत्तरेला गेलेला असावा. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचे त्याने काढलेले चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. दख्खनेतली माणसे दिल्लीच्या बादशहाला दाखवणे हे त्याचे एक कामच होऊन बसले होते. घर सोडून गेलेल्या चित्रकाराने घर सोडून आलेल्या सरदाराचे काढलेले हे चित्र. त्याच्याभोवती फुलावेलींचा सुरेख हाशिया आहे.

त्याच दरबारात दुसरे एक चित्र झाले. अबुल हसनचे. ते डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. चित्रावर फारसीत ओळी लिहिल्या आहेत. त्यांत अंबरच्या काळ्या रंगाची टवाळी आहे. प्रत्यक्षात जहांगीराला अंबर कधी समोरासमोर सापडला नाही. रणांगणात जमले नाही ते कागदावर उरकून घेतले! आपल्या आत्मचरित्रातही जहांगीर त्याचे नाव शिवीशिवाय घेत नाही. पण अंबर मेल्यावर त्याच दरबारच्या इतिहासकाराने, मुतमदखानाने, त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. आपल्याकडे कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'तही त्याच्या शौर्याचा उल्लेख गौरवानेच आला आहे.

एकाच माणसाची दोन चित्रे. एकाखाली नाव, दुसऱ्यावर शिवी. ह्या माणसाचे पाय ज्या मातीला लागले तिथल्या लोकांना हाशिमचे चित्र दाखवावे, ते काय म्हणतात ते ऐकावे, असे माझ्या मनाने घेतले. एक रंगीत प्रत छापून घेतली, पुठ्ठ्यावर चिकटवली, आणि साड्यांच्या घड्यांत नीट बसवून आम्ही निघालो.

नांदेड प्रथम घेतले त्याला कारण आहे. १६०२ साली नांदेडजवळ अंबरची खानखानानच्या मुलाशी मोठी लढाई झाली. अंबर हरला, जखमी होऊन पडला, आणि त्याच्या हबशी शिपायांनी त्याला रणातून उचलून नेले म्हणून वाचला. आज त्या लढाईची जागा सांगणारे मला नांदेडात कोणी भेटले नाही. बरोबरच आहे. त्यानंतर एकशे सहा वर्षांनी दुसरा एक जखमी पुरुष ह्याच गावी विसावला, आणि त्याच्यापुढे बाकी साऱ्या आठवणी पुसट झाल्या.

गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दख्खनेत आले. नांदेडला त्यांच्यावर मारेकऱ्यांनी घाव घातला आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांनी येथे देह ठेवला. त्याआधी येथे गोदावरीकाठी मठ करून राहिलेल्या माधोदास बैराग्याला त्यांनी शिष्य केले. तोच पुढचा बंदा बहादूर. हा बैरागीही मूळचा काश्मीरकडच्या राजौरीचा. म्हणजे नांदेडच्या इतिहासातली ही मोठी भेट झाली ती दोन परगावच्या माणसांची. आजचा गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ च्या दरम्यान बांधवला. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक तख्त. दिवाळीच्या सुमारास येथे तख्तस्नानाचा सोहळा असतो. गोदावरीचे पाणी घागरी भरभरून आणतात आणि तख्त धुऊन काढतात, शस्त्रे उजळतात. दिवाळीत घर धुण्याची आपली रीत आणि ही, दोन्हींत फारसे अंतर नाही.

पहाटेच्या थंडीत आम्ही गुरुद्वारात गेलो. पांढराशुभ्र संगमरवर, वर सोनेरी घुमट, कीर्तनाचा संथ सूर. लंगरात पंगतीला बसून डाळरोटी खाल्ली. वाढणारा तरुण सरदारजी माझ्या पत्नीला म्हणाला, "मावशी, अजून एक घ्या की." ती चमकलीच. पंजाबी वळणाची हिंदी ऐकायच्या तयारीने कान लावावा आणि अस्सल मराठवाडी मराठी पडावी, असे नांदेडात पावलोपावली होते.

आमचा टॅक्सीवालाही शीखच होता. निजामाच्या दिवाणाने, चंदूलालने, मागणी केल्यावरून रणजितसिंगांनी १८३२ च्या सुमारास हैदराबादेकडे फौज पाठवली असे सांगतात. 'लाहोरी फौज' म्हणत तिला. तिच्यातल्या शिपायांचे वंशज इकडेच राहिले. नांदेड आणि हैदराबादेकडे जे दखनी शीख म्हणून ओळखले जातात त्यांत ही घराणी आहेत. आमचा टॅक्सीवाला त्यांतलाच.

"आम्ही हितलेच, साहेब," तो म्हणाला. "सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरला गेलो की तिथले लोक इचारतात, तुम्ही कुठले? म्हनलं, नांदेडचे. मग म्हणतात, म्हणजे दखनी हाव तुम्ही! आन् हितं कुणी नवा मानूस आला की इचारतो, सरदारजी, पंजाबात कुठं घर तुमचं?"

मी पुठ्ठा काढून त्याला चित्र दाखवले. त्याने गाडी बाजूला घेतली, चित्र उन्हात धरले. "तालमीतले वस्ताद दिसतात कुणी. कुठले?"

मी सांगितले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "घरी चला. आमच्या आज्याच्या बापाचा फोटो दाखवतो."

घर लहान, पण नीटनेटके. फोटो जुना, स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर कमान आणि झाड. पुढे खुर्चीवर हात टेकून उभा असलेला उंच शीख शिपाई. फोटोखाली उर्दूत एक ओळ होती, कारण तेव्हा निजामाचे राज्य. तिच्याखाली कोणीतरी गुरुमुखीत लिहिले होते, आणि त्याच्याही खाली मराठीत, बॉलपेनने. "उर्दू आता घरात कुणालाच येत नाही," टॅक्सीवाल्याची आई म्हणाली, "म्हणून ह्याच्या बापानं मराठीत लिहून ठिवलं. नाव इसरू नये म्हणून." तिन्ही लिपींत तेच लिहिले होते : माणसाचे नाव, आणि नांदेड.

त्या घरात, बाजारात, हॉटेलच्या गल्ल्यावर, जिथे तिथे गुरू गोविंदसिंगांच्या तसबिरी दिसतात. शीख धर्मात मूर्तिपूजा नाही. ग्रंथसाहिब हेच गुरू, आणि तसे ठरले तेही ह्याच नांदेडात. तरीसुद्धा चेहरा पाहावासा वाटतो, हा माणसाचा स्वभाव. आज आपल्या डोळ्यांसमोर गुरूंचे जे रूप येते त्याला वळण देणाऱ्यांत सोभासिंग ह्या चित्रकाराचा वाटा मोठा आहे. हे सोभासिंग (१९०१–१९८६) १९४७ पर्यंत लाहोरला होते. फाळणीत ते सुटले, आणि कांगड्याच्या खोऱ्यात अंद्रेट्टा नावाच्या खेड्यात जाऊन राहिले. तिथे बसून त्यांनी काढलेले गुरूंचे चेहरे कॅलेंडरांवरून घरोघर पोचले. हेही घर सोडून आलेलेच चित्रकार. गुरूंना त्यांनी पाहिले नव्हते. श्रद्धेने कल्पिलेला चेहरा आणि त्याखाली खरे नाव, असे हे चित्र.

संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसलो असताना पत्नीने एक गोष्ट बोलून दाखवली. "पागोटं, दाढी, कृपाण पाहिलं की आपण ओळखून टाकतो, की हा पंजाबी. माणूस बघतच नाही. कपडे बघतो."

ती म्हणाली त्याचा एक सबंध ग्रंथच मुंबईत झालेला आहे. विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज मुंबई सरकारच्या नोकरीत होता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तिच्या संस्थापकांपैकी तो एक. त्याने मुंबईतल्या नाना जातिजमातींचे फोटो काढले आणि १८६३ व १८६६ साली त्यांचे दोन खंड काढले. नाव असे की त्यातच सगळे आले : पूर्वेकडील वंश व जमाती, मुंबईत राहणारे आणि मुंबईस येऊन-जाऊन असणारे. माणसांचे फोटो एकीकडे घ्यायचे आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडायचा, असे त्यातले तंत्र. माणूस उभा राहिला एका ठिकाणी, दिसतो भलत्याच ठिकाणी! आणि चित्राखालची ओळ? तिच्यात जात असते, पंथ असतो, पेशा असतो. नाव नसते. पुढे सरकारनेच 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा, ४६८ फोटोंचा ग्रंथ १८६८ ते १८७५ च्या दरम्यान काढला, तोही ह्याच वाटेने गेला.

आपले रावबहादूर धुरंधरही ह्या वाटेवर काही काळ चालले. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) कोल्हापूरचे. शिकायला मुंबईच्या जे. जे. मध्ये आले आणि मुंबईचेच झाले. मुंबईचे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स ह्यांच्या 'बायवेज ऑफ बाँबे' ह्या पुस्तकासाठी त्यांनी चित्रे काढली. ह्या पुस्तकात मुंबईतल्या सिद्दींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे अंबरच्याच मुलखातून आलेली माणसे, पण गोदीत राबणारी. धुरंधरांचा हात प्रेमळ होता. रस्त्यावरचा माणूस ते असा काढत की तो आता हाक मारील असे वाटावे. तरी 'नाना लोक, नाना पोशाख' हीच त्या चित्रांची मागणी होती, आणि खाली नावाला जागा नव्हती. ती जागा शंभर वर्षांनी भरून निघू लागली. मुंबईच्या छायाचित्रकार केतकी शेठ ह्यांनी सिद्दींच्या वस्त्यांत अनेक वर्षे जाऊन फोटो काढले आणि २०१३ साली त्यांचे पुस्तक काढले. जंजिऱ्यापासून गुजरात-कर्नाटकापर्यंत सिद्दी आपल्यातच राहतात, हे त्या फोटोंनी अनेकांना प्रथम कळले.

दुसऱ्या दिवशी नांदेड सोडले. लोह्यावरून कंधारला वाट जाते. काळी जमीन, कापूस वेचून संपलेला, तुरी वाळायला लागलेल्या, मधूनच एखादा लमाणांचा तांडा. हे लमाण तरी कुठले? बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांमागे हिंडता हिंडता राजस्थानकडून दख्खनेत आले आणि बैल थकले तिथे राहिले. लोह्याच्या चहाच्या टपरीवर एका लमाण आजीला मी चित्र दाखवले. हातभर बलोती वाजवीत तिने पुठ्ठा हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि निर्वाळा दिला, "कोन्या तरी गावचा पाटील हाय. शेत लई असंल."

जमीन मोजून सारा ठरवणाऱ्या माणसाला ह्याहून चांगली पावती कोणती मिळणार!

कंधारचा भुईकोट पाहण्यासारखा आहे. सभोवार पाण्याचा खंदक, आत काळ्या दगडाची दुहेरी तटबंदी. राष्ट्रकूट राजे 'कंधारपुरवराधीश्वर' असे बिरुद लावीत, इतके हे गाव जुने. मग यादव, बहामनी, निजामशाही. १६३१ साली मोगलांनी घेतले. शेवटी हैदराबादचे निजाम. गावात हाजी सय्याह ह्या सूफी संताचा दर्गा आहे. हे संतही हिंडत हिंडत आलेले, आणि आता पंचक्रोशीचे. तटावर उभे राहून आम्ही कोण कुठून आले ह्याचा हिशेब करू लागलो, आणि थोड्याच वेळात सोडून दिला. कंधारातच जन्मले असे शेवटी खंदकातले बगळेच उरले असते.

ह्यावरून बहामनी दरबारातला एक तंटा सांगितला पाहिजे. त्या दरबारात दोन तट होते. इराण-तुराणातून समुद्र ओलांडून नव्याने आलेले ते आफाकी, आणि आधीच येऊन रुजलेले ते दख्खनी. दोघांचेही वाडवडील बाहेरचेच, पण आधी आलेल्यांना नंतर आलेले परके वाटत. ह्या भांडणात हबशी मंडळी दख्खन्यांच्या बाजूला होती. आफ्रिकेतून आलेला माणूस 'मी दख्खनी' म्हणून उभा राही! आफाक्यांचा मोठा पुढारी म्हणजे इराणातल्या गिलानहून आलेला महमूद गावान. औशाच्या किल्ल्याच्या बांधणीचे श्रेय त्यालाच देतात. दरबारी कारस्थानात १४८१ साली त्याचा शिरच्छेद झाला. नंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी विजापूरच्या दरबारात इखलासखान हा हबशी सरदार इतका वर चढला, की हैदरअली आणि इब्राहीमखान ह्या दोघा चित्रकारांनी मुहम्मद आदिलशहाला हत्तीवर बसवले तेव्हा त्याच हत्तीवर मागे इखलासखानालाही बसवले. सुमारे १६४५ चे ते चित्र आहे. अमृतसरच्या लोकांनी आमच्या टॅक्सीवाल्याला 'दखनी' म्हणावे, हा त्या जुन्या शब्दाचा आजचा प्रवास.

कंधारहून अहमदपूर, चाकूर करीत लातूरला पोचेपर्यंत दिवे लागले होते. लातुरात शिरताना माणसांचे स्वागत चेहरेच करतात. चौकाचौकांत, इमारतींच्या तीन-तीन मजले उंचीचे फलक, आणि त्यांवर मुलामुलींचे फोटो. शिकवणीच्या वर्गांचे हे फलक. येथे त्या भागाला 'ट्यूशन एरिया' असेच म्हणतात. परभणी, बीड, नांदेड, धाराशिव, सोलापूर, कुठून कुठून मुले येथे येतात, खोल्या घेऊन राहतात, डबा लावतात, आणि पहाटे चारला उठून अभ्यासाला बसतात. आईबाप कुठे एक एकर विकतात, कुठे ऊसतोडीला एक हंगाम जास्त करतात. फलकावर ज्यांचे फोटो लागतात त्यांच्याखाली नाव असते आणि गुण असतात. पोशाख सगळ्यांचा एकच. पत्नी एका फलकासमोर थांबून सगळी नावे वाचीत राहिली. "जॉन्सनसाहेबांपेक्षा हे बरं," ती म्हणाली, "नावं तरी आहेत." मग थोडे थांबून म्हणाली, "पण ज्यांचे फोटो लागले नाहीत ती मुलं?" मला उत्तर सुचले नाही. फलकाखालून तशीच मुले सायकली रेटीत चालली होती.

लातुरात आमचा मुक्काम एका निवृत्त ड्रॉइंगमास्तरांकडे होता. मित्राच्या ओळखीचे; उभी हयात औशाच्या एका शाळेत काढलेली. रात्री जेवणानंतर त्यांनी चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला आणि हाशिमचे चित्र पाहू लागले. दहा मिनिटे कोणी बोलले नाही. "बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यात डोळा काढणे फार अवघड," ते म्हणाले. "पोरे समोरचाच डोळा काढून बाजूच्या तोंडावर चिकटवतात. ह्याने डोळा बघा कसा काढलाय. आणि मानेचा हा भाग बघा. म्हातारा आहे, थकलाय, पण वाकला नाही. ज्याचा राग आहे त्याचे चित्र असे निघत नाही."

२०१३ साली न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग सेंटरमध्ये 'भारतातले आफ्रिकी : गुलामांपासून सेनापती आणि राज्यकर्त्यांपर्यंत' अशा अर्थाचे प्रदर्शन भरले होते आणि त्यात ह्या दख्खनी हबशांची कथा चित्रांतून मांडली होती, असे मी त्यांना सांगितले. २०१५ साली मेट्रोपॉलिटन म्युझियमने दख्खनच्या सुलतानांच्या कलेचे मोठे प्रदर्शन केले, तेही सांगितले. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "न्यूयॉर्कला बघितले ते बरेच झाले. उद्या औशाला बघू."

औसा लातूरहून वीसेक किलोमीटर. किल्ला चांगला मोठा, पण खोलगटात असल्यामुळे जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आतल्या उंच बुरुजावर चढले की मात्र दूरवरचा मुलूख नजरेत येतो. येणारा दिसावा आणि आपण दिसू नये, अशी ही योजना. तट रुंद, दारे एकाआड एक, आत विहिरी. अंबरने हा किल्ला घेतला तेव्हा गावाचे नाव बदलून अंबरापूर ठेवले, पुढे त्याचेच अमरापूर झाले, आणि शेवटी जुने औसाच टिकले, असे सांगतात. इथिओपियातून विकला गेलेला, जन्मनाव हरवलेला मुलगा. धन्याने ठेवलेले नाव त्याने एका गावाला दिले! बुरुजावर वारा झोंबत होता. मास्तरांनी चित्र पुठ्ठ्यासकट तटाला टेकवून ठेवले आणि थोडे मागे सरून पाहिले. किल्ला बघायला आलेली दोन-चार पोरे भोवती जमली.

"हे कोण, सर?"

"तुमच्या गावाचे नाव ह्यांच्यावरून होते एके काळी."

पोरांचा विश्वास बसला नाही. एकाने विचारले, "हे आफ्रिकेचे हायत?" दुसरा म्हणाला, "क्रिकेटमधले?" मास्तर हसले, आणि तिथेच खाली बसून त्यांनी साऱ्यांना खडकी, भातवडी, नहर सगळे सांगितले.

तिथून आम्ही मास्तरांच्या जुन्या शाळेत गेलो. चित्र शाळेला द्यायचे आमचे ठरलेच होते. मुख्याध्यापकांनी आनंदाने होकार दिला, चहा मागवला. मग प्रश्न आला, चित्राखाली लिहायचे काय?

मुख्याध्यापकांनी सुचवले, "मलिक अंबर, हबशी सरदार."

पत्नी म्हणाली, "तोरडमलाच्या, आपलं, तोडरमलाच्या चित्राखाली कुणी 'खत्री सरदार' लिहितं का? मग ह्याच्याच खाली जात कशाला?"

"बाई म्हणतात ते खरे," एक शिक्षक म्हणाले. "त्यात हबशी हा शब्द पोरे चिडवायलाच वापरतात. गाळून टाका."

मास्तरांनी मान हलवली. "गाळला तर पोरांना कळणार कसे, की हा माणूस किती लांबून आला? चेहरा तर सांगतोच आहे. खाली लिहिले नाही तर पोरे आपसांत कुजबुजणार, आणि ती कुजबुज वाईट. जे आहे ते लिहावे. पण माणसाची ओळख म्हणून लिहावे, शिक्का म्हणून नव्हे."

अर्धा तास ह्यावर खल झाला. चहा दुसऱ्यांदा आला. जहांगीराच्या दरबारी जी चूक झाली आणि जॉन्सनसाहेबांनी जी केली, ती औशाच्या शाळेत होऊ नये म्हणून पाच-सहा माणसे डोके खाजवीत बसली होती. शेवटी मास्तरांनी टाकाने, आपल्या सुवाच्य देवनागरीत, असे लिहिले :

'मलिक अंबर. जन्म इथिओपियात, सुमारे १५४८. मृत्यू १६२६, कबर खुलताबाद. निजामशाहीचा कारभारी आणि सेनापती. औशास त्याच्या काळी अंबरापूर म्हणत. चित्रकार हाशिम.'

"हाशिमचे नाव हवेच," ते म्हणाले. "त्याने बघितले म्हणून आपल्याला दिसतो."

परवा मास्तरांचे पत्र आले. चित्राला काच आणि चौकट झाली आहे. ते ग्रंथालयाच्या दाराशी, वेळापत्रकाच्या शेजारी लावले आहे. दोन मुलींनी अंबरच्या नहरीवर निबंध लिहून आणला. एका पालकांनी 'हे कशाला लावलेत?' असे विचारले, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना खालची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. मुलांची बोटे लागून काच फार मळते, बहुतेक ठसे तलवारीवर असतात. सुट्टीनंतर शाळा उघडली की ते स्वतः जाऊन काच पुसणार आहेत, आणि हाशिमच्या इब्राहिम आदिलशहाची एखादी चांगली प्रत मिळाली तर धाडून द्या, शेजारी खिळा ठोकून ठेवला आहे, असे त्यांनी लिहिले आहे.